लाल साडी आणि वाघाचे डोळे

“आई, लाल नको. प्राण्यांना त्रास होतो.”

हे वाक्य मी २०२५ च्या एप्रिलमध्ये, नागपूरच्या घरी, आईच्या उघड्या कपाटासमोर उभी राहून म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ताडोब्याला निघणार होतो. माझ्या पुण्याच्या ऑफिसातले तिघं, मी आणि आई. आईने पलंगावर एक लाल साडी काढून ठेवली होती. रोजच्यातली नव्हती, बाहेर जाताना नेसायची होती. मी तिच्यासाठी पुण्याहून मातकट रंगाचा कुर्ता आणि तसलीच पॅन्ट आणली होती. टॅगसुद्धा काढला नव्हता.

ती म्हणाली, “कोणत्या प्राण्यांना?”

“वाघाला. हरणांना. सगळ्यांनाच. भडक रंग दिसला की बिचकतात.”

ती पुढे काही बोलली नाही. साडी कपाटात गेली. कुर्त्याच्या बाह्या तिला दोन इंच लांब होत होत्या, त्या तिने दुमडल्या आणि आरशात न बघता स्वयंपाकघरात निघून गेली.

मला तेव्हा प्राण्यांच्या डोळ्यांबद्दल काय माहीत होतं? काहीच नाही. ग्रुपवर कुणीतरी टाकलेली एक यादी होती. खाकी, ऑलिव्ह, बेज, तपकिरी चालेल. लाल, पिवळा, पांढरा, निळा, काळा नको. परफ्यूम नको. फुल बाह्या, टोपी, गॉगल. या यादीतला शरीराशी संबंधित भाग सरळ आहे. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूरचं ऊन अंग भाजून काढतं, जिप्सी उघडी असते, मागच्या सीटवर बसलात तर पुढच्या गाडीची सगळी धूळ तुमच्याच नाकात. सुती, सैल, अंगभर कपडे घाला, तोंडाला दुपट्टा बांधा. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या सफारीला त्याच उघड्या जिप्सीत दात वाजतात, तेव्हा जॅकेट आणि कानटोपी घ्या. यात वाद घालण्यासारखं काही नाही. वाद रंगाचा आहे. कारण ऊन मला लागतं, पण रंग म्हणे वाघाला लागतो. तिथे गोष्ट माझ्या सोयीची राहत नाही, दुसऱ्या जिवाशी कसं वागावं याची होते.

म्हणून आधी वाघाचे डोळे.

आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशींचे तीन प्रकार असतात. वाघाच्या, हरणाच्या, गव्याच्या, एकूणच बहुतेक सस्तन प्राण्यांच्या डोळ्यांत दोनच. एक निळ्याच्या बाजूचा आणि एक हिरव्या-पिवळ्याच्या बाजूचा. लाल आणि हिरवा यांतला जो फरक आपल्या अंगावर धावून येतो, तो त्यांना जवळपास दिसतच नाही. वाघ आपल्याला भडक नारिंगी दिसतो, आणि लहानपणी मला प्रश्न पडायचा की असला झेंडूसारखा प्राणी हिरव्या बांबूत लपून शिकार कशी करतो. उत्तर हे की ज्याची तो शिकार करतो त्या चितळाला तो नारिंगी दिसतच नाही. चितळाच्या डोळ्यांत वाघ गवताच्याच रंगाचा असतो. अमेरिकेत हरणांची शिकार करणारे लोक झगझगीत नारिंगी जॅकेट घालतात, ते याच जोरावर. हरणाला तो रंग मळकट दिसतो. दुसऱ्या शिकाऱ्याला मात्र लांबून दिसतो आणि तो चुकून गोळी झाडत नाही.

म्हणजे आईची लाल साडी वाघाला कशी दिसली असती? काहीशी गडद, मळकट, सुकलेल्या पानांच्या आसपासची. आणि माझी त्या दिवशीची निळी जीन्स, जी मी ‘डल आहे, चालेल’ म्हणून नागपूर ते मोहर्ली प्रवासात घातली होती? ती हरणांना चांगली स्पष्ट दिसते. निळा त्यांना नीट कळतो. त्याच्याही पलीकडचा अतिनील प्रकाश त्यांच्या डोळ्यांत आपल्यापेक्षा जास्त शिरतो. कपडे धुण्याच्या पावडरीत पांढऱ्याला चमक आणणारे घटक असतात, ते हा अतिनील प्रकाश घेऊन निळसर उजेड बाहेर टाकतात. त्यामुळे तिकडचे शिकारी तसले घटक नसलेली पावडर शोधून वापरतात. माझा नवाकोरा ऑलिव्ह शर्ट मी जाण्याआधी घरच्या पावडरीत दोनदा धुतला होता. दुकानाचा वास जावा म्हणून.

निळा नको, काळा नको, हे मात्र यादीत बरोबर होतं ना? होतं, पण कारण वेगळं होतं. पूर्व आफ्रिकेत त्से-त्से नावाची माशी आहे. ती चावते आणि तिच्यामुळे निद्रारोग पसरतो. तिला निळा आणि काळा रंग ओढून घेतो, इतका की तिला पकडायचे सापळेच निळ्या-काळ्या कापडाचे बनवतात. टांझानियाला निघालेल्या माणसाला ‘निळं घालू नका’ सांगणं हा चांगला सल्ला आहे. भारतात ही माशी नाही. पण यादी तिथून कॉपी झाली, मग तिची कॉपी झाली, आणि कधीतरी ताडोब्याच्या ग्रुपवर येऊन पडली. कोड लिहिणाऱ्या माझ्यासारख्यांना हा प्रकार चांगला माहीत असतो. एखादी ओळ कुणी, कधी, का लिहिली होती ते कुणालाच आठवत नाही, पण काढायची हिंमत होत नाही. मग पुढचा माणूस तिच्या वर एक कॉमेंट लिहितो आणि ती ओळ नियम होऊन बसते.

खाकीची गोष्टही अशीच आहे. ‘सफारी’ हा शब्द स्वाहिलीतून आला, स्वाहिलीत अरबीतून. त्या अरबी शब्दाचा दुसरा वंशज म्हणजे आपला ‘सफर’. ‘खाकी’ फारसी ‘खाक’वरून आला, म्हणजे धूळ, माती. मराठीत आपण जळून खाक होतो. १८४६ मध्ये पेशावरला हॅरी लम्सडेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एक पलटण उभारली आणि तिला लालभडक इंग्रजी डगल्यांऐवजी धुळीच्या रंगाचे कपडे दिले. पलटणीचं नाव ‘कोअर ऑफ गाइड्स’. (आज ताडोब्याच्या कोअरमध्ये खाकीतले गाइड बघताना मला हे आठवून हसू येतं.) धुळीत धूळ होऊन दिसायचं नाही, म्हणजे गोळी लागत नाही, हा त्यातला हिशोब. मग हाच रंग शिकाऱ्यांनी उचलला, साहेबांनी आणि त्यांच्या मागून राजेरजवाड्यांनी. मग पॅरिसच्या फॅशनवाल्यांनी १९६० च्या दशकात सफारी जॅकेट रॅम्पवर आणलं, आणि १९७०-८० च्या दशकांत भारतातल्या तमाम बँक मॅनेजरांनी, प्राध्यापकांनी आणि लग्नातल्या नवरदेवांनी सफारी सूट शिवले. माझ्या बाबांचा लग्नानंतरचा एक फोटो आहे, राखाडी सफारीत. त्यांनी आयुष्यात जंगल पाहिलं नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार गेली. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला. ‘शूट’ हा शब्द राहिला आणि कपडे राहिले.

इथपर्यंतची सगळी माहिती मी परत आल्यावर गोळा केली. खरं तर मला सिद्ध करायचं होतं की मी बरोबर होते. दर दोन लेखांनंतर मी थोडी थोडी चूक ठरत गेले. पण माझा खरा पराभव याआधीच, मोहर्ली गेटच्या आत, एका वेल्क्रोने केला होता.

कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही. ही मला त्या जागेची सगळ्यात आवडलेली गोष्ट. सकाळच्या सफारीत आमच्या गाडीत ड्रायव्हर, गाइड आणि आम्ही पाच. गाइड तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी होती, बफरमधल्याच एका गावची. तिच्या अंगावर युनिफॉर्म. सूर्य नुकता वर आला होता. साग उघडाबोडका, बांबू वाळलेला, आणि रस्त्याच्या कडेला आठ-दहा चितळं, अगदी पंधरा फुटांवर. गाडी थांबली. इंजिन बंद. ती आमच्याकडे बघून पुन्हा खाली मान घालून चरायला लागली. मागून एक गाडी आली, तिच्यात एक लहान मुलगा होता, अंगात झेंडूच्या रंगाचा टी-शर्ट. चितळांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग मला दुर्बीण काढायची झाली. माझ्या सहा खिशांच्या, ‘जंगलासाठी खास’ म्हणून घेतलेल्या पॅन्टीचा मांडीवरचा खिसा मी उघडला.

वेल्क्रोचा आवाज शांततेत किती मोठा होतो ते ऐकल्याशिवाय कळत नाही. टर्रर्र. आठही माना एकदम वर. एका मादीने पुढचा पाय जमिनीवर आपटला. दोन उड्या, आणि रस्ता रिकामा.

गाइड मागे वळून काही बोलली नाही. नुसती हसली. आई मात्र बोलली, हळूच. “तुझ्या पॅन्टीचा त्रास झाला वाटते प्राण्यांना.”

हा विनोद होता. पण त्यात एक प्रश्न आहे, आणि मी त्याला वर्षभर चघळते आहे. माझ्या खाकीचा ज्या प्राण्याशी संबंध आहे असं मी म्हणत होते, त्याला जर तिच्याने काही फरक पडत नसेल, तर ती खाकी कोणासाठी होती? प्राण्यांना आवाज कळतो, हालचाल कळते, गाडीतून उभं राहिलेलं धड कळतं. एका पाणवठ्यावर चौदा गाड्या एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या तर ते नक्की कळतं. आम्हाला वाघीण दिसली, ती अशाच चौदा गाड्यांच्या मधून. तिला रस्ता ओलांडायचा होता आणि रस्ता आम्ही भरून टाकला होता. ती बसली, थांबली, शेवटी लांबच्या बाजूने निघून गेली. त्या चौदा गाड्यांमधले बहुतेक लोक मातीच्या रंगाचे होते. आम्ही सगळे यादीप्रमाणे अदृश्य होतो, आणि तरीही तिच्या वाटेत होतो.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये गायजेस नावाच्या मेंढपाळाची गोष्ट येते. त्याला एक अंगठी सापडते. ती बोटात फिरवली की माणूस दिसेनासा होतो. गायजेस राणीला वश करतो, राजाला मारतो, राज्य घेतो. प्रश्न असा विचारलाय की कुणी पाहतच नसेल, तर माणूस नीट का वागेल? मला वाटतं जंगलात आपण जी खाकी घालतो तिच्यात या अंगठीची एक स्वस्त आवृत्ती आहे. मी दिसत नाही, म्हणजे मी इथे नाही. मी इथे नाही, म्हणजे माझ्यामुळे काही होत नाही. एकदा योग्य कपडे घातले की बाकीचं सगळं माफ झाल्यासारखं वाटतं. चौदावी गाडी कोणाची होती? आमचीच होती. सगळ्यात शेवटी आम्ही पोचलो होतो, आणि ड्रायव्हरला ‘दादा, थोडं पुढे घ्या ना’ असं मीच म्हटलं होतं.

पण इथे थांबून ‘खाकी म्हणजे ढोंग’ असं म्हणून टाकणं फार सोपं आहे, आणि मला ते पटतही नाही. कारण जो पाहत नाही त्याच्यासाठी घातलेले कपडे निरर्थक असतात असं नाही. मयताला जाताना आपण साधे, फिकट कपडे घालतो. गेलेल्या माणसाला ते दिसत नाहीत. तरी लग्नातला शालू नेसून कुणी तिथे गेलं तर आपल्याला खुपतं. ते कपडे आपण स्वतःला सांगण्यासाठी घालतो की आज इथे मी मुख्य नाही. मग जंगलात साधं, दबलेलं, मातीसारखं होऊन जाणं हाही तसाच आदर का नसावा? वाघाला रंग कळत नसेल, मला तर कळतो. माझ्या ऑफिसमधल्या मित्राने हाच मुद्दा मांडला आणि मला त्याचं उत्तर बराच काळ सुचलं नाही.

उत्तर आईकडे होतं, पण तिने ते उत्तर म्हणून दिलं नव्हतं.

आईचं माहेर सिंदेवाही-नागभीड पट्ट्यातलं. घराच्या मागे शेत, शेताच्या मागे जंगल. चौदा-पंधरा वर्षांची होईपर्यंत ती आजीबरोबर मोहफुलं वेचायला जायची. हे मला माहीत होतं, पण ‘आईच्या लहानपणच्या गोष्टी’ या फोल्डरमध्ये टाकून मी ते विसरले होते. सफारी संपवून आम्ही गेटच्या बाहेर चहाला थांबलो तेव्हा बफरच्या रस्त्याने बायका येत होत्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली, टोपलीत मोहाची फुलं. पोपटी, गुलाबी, शेंदरी, जांभळ्या साड्या. पाच-सहा जणी मोठमोठ्याने बोलत, एकमेकींना हाका मारत चालल्या होत्या. आमच्या टेबलावरच्या कुणीतरी म्हटलं, “यांना वाघाची भीती नाही वाटत? एवढे भडक कपडे.”

आई त्या गाइड मुलीशी गप्पा मारत होती. तू कोणत्या गावची वं, तुझ्या घरचे वेचतात का अजून, वगैरे. ती तिथूनच म्हणाली, “ते रंग वाघासाठी नसतात. एकमेकींसाठी असतात. झुडपात वाकलं की माणूस दिसत नाही. मधूनमधून मान वर करायची न् मोजायचं. लाल आहे, हिरवी आहे, पिवळी आहे. एक कमी दिसली की हाक मारायची.”

गाइड म्हणाली, “काकू, आम्ही अजूनही तसंच करतो. मी सुट्टीच्या दिवशी आईसोबत जाते तेव्हा हा ड्रेस नाही घालत. आई म्हणते, हा घालून आलीस तर मला तू दिसणार नाहीस.”

हे ऐकून मला अमेरिकेतल्या नारिंगी जॅकेटांची आठवण झाली नाही, कारण ती माहिती माझ्याकडे नंतर आली. पण आज लिहिताना दोन्ही शेजारी दिसतात. जनावराच्या नजरेत विरून जाणारा आणि माणसाच्या नजरेत उठून दिसणारा रंग. आईच्या लाल साडीत हे दोन्ही होतं. शाळेत न शिकवता, अतिनील वगैरे शब्द न वापरता.

सुंदरबनात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात एक प्रयोग झाला. वाघ पाठीमागून हल्ला करतो, म्हणून जंगलात जाणाऱ्या मध गोळा करणाऱ्यांना आणि लाकूडतोड्यांना डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा बांधायला दिला. सुरुवातीची काही वर्षं त्याचा चांगला उपयोग झाला. हाही जंगलाचा पोशाखच. पण त्याचा हेतू नेमका उलटा आहे: मी इथे आहे, मी तुला पाहतोय. पायी जाणाऱ्याला दिसावं लागतं, ऐकू जावं लागतं. दोन्हीकडून. लपणं परवडतं ते गाडीत बसलेल्याला, ज्याचं काही पणाला लागलेलं नाही. त्याला दिसायचं नसतं, कारण दिसलं तर त्याचं फक्त दृश्य बिघडतं.

मित्राच्या मयताच्या उदाहरणाचं उत्तर मला इथे दिसतं, अर्धवट का होईना. आदराची एक रीत पुसून जाण्याची आहे आणि एक नटून जाण्याची. ताडोबा हे नावच एका देवाचं आहे. तारू नावाचा गावचा प्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला, अशी गोष्ट सांगतात. तळ्याच्या काठी त्याचं ठाणं आहे, आदिवासी बांधव त्याला मानतात. देवाला जाताना माणूस धुळीच्या रंगाचं घालून जात नाही. चांगलं नेसून जातो. आईने पलंगावर लाल साडी काढून ठेवली होती, रोजच्यातली नव्हे, बाहेरची. तीस-पस्तीस वर्षांनी ती आपल्या लहानपणच्या जंगलाकडे चालली होती. माहेरी निघालेली बाई जशी साडी काढते तशी तिने ती काढली होती. मी तिला म्हटलं की हे आदराने वागणं नाही. आदर कसा दिसतो ते मी तिला दुकानातून आणून दिलं.

या रानात गावंही होती. नवेगाव, जामणी अशी गावं व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून बाहेर वसवली गेली. त्यामागची कारणं मला समजतात. वाघांना जागा लागते, आणि अनेक कुटुंबांना शाळा-दवाखान्याजवळ यायचंही होतं. पण एवढं खरं की इथे रंगीत कपड्यांत राहणारी माणसं होती आणि वाघही होते. ‘जंगलात रंग शोभत नाही’ हे तिथल्या माणसांना कुणी विचारून ठरवलेलं नाही.

आता सगळ्यात अवघड भाग. मी ‘प्राण्यांना त्रास होतो’ असं का म्हटलं? अज्ञान होतंच. पण अज्ञानी माणूस गप्पही बसू शकतो.

मी ज्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकले तिथे पहिल्या वर्षी नोटीस बोर्डावर ‘योग्य पोशाख’ म्हणून एक कागद लागला होता. मुलींनी स्लीव्हलेस घालू नये, जीन्सवर लांब कुर्ता घालावा, ओढणी घ्यावी. कारण काय? इतरांचं लक्ष विचलित होतं. आम्ही त्यावर खूप भांडलो. मी स्वतः विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये उभं राहून विचारलं होतं, “सर, कुणाचं लक्ष? त्यांना विचारलंय का?” त्या प्रश्नाचा मला कितीतरी वर्षं अभिमान होता. सात-आठ वर्षांनी मी आईच्या कपाटासमोर उभी राहून तेच केलं. ज्याला कुणी विचारलेलं नाही, जो येऊन साक्ष देणार नाही, अशा तिसऱ्याचा त्रास पुढे केला आणि मला हवं ते करून घेतलं. मुलांच्या जागी वाघ आणला, एवढंच.

मला हवं काय होतं? फोटो. जिप्सीसमोर पाच जणांचा फोटो, सगळे एका रंगात. ऑफिसातले तिघं पुण्या-मुंबईचे. त्यांच्या आया ट्रेक करतात, एकीने मसाई मारा केलंय. लाल साडीत, हातात पिशवी घेतलेली माझी आई त्या फोटोत कशी दिसेल, हा विचार माझ्या मनात आला होता. एक सेकंदच आला. पण त्या एका सेकंदानंतरच मी ते वाक्य म्हटलं.

देरिदा नावाच्या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने एका व्याख्यानात सांगितलंय की तो सकाळी बाथरूममध्ये उघडा असताना त्याची मांजर त्याच्याकडे बघते आणि त्याला लाज वाटते. मग लाज वाटल्याचीच लाज वाटते. मांजराला कपडे म्हणजे काय हेच माहीत नाही, मग ही लाज कुठून आली? मी हे वाचलं तेव्हा मला ती पाणवठ्यावरची वाघीण आठवली. तिने एकदा आमच्या गाडीवरून नजर फिरवली होती. तिच्या लेखी लाल, खाकी, साडी, पॅन्ट काही नव्हतं. लाज सगळी गाडीच्या आतली होती. ती मी पुण्याहून घेऊन आले होते.

महिनाभराने, मे महिन्यात, सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. बातमी मी ऑफिसच्या कॅफेटेरियात फोनवर वाचली. आईला फोन केला. तिला आधीच कळलं होतं. तिची चुलत बहीण त्याच भागात तेंदूपत्त्याला जाते. ती सुखरूप होती. मी मूर्खासारखं विचारलं, “आता नाही ना जाणार ती?” आई म्हणाली, “हंगाम किती दिवसांचा असते? न जाऊन कसं होईल?” मग दोघीही थोडा वेळ गप्प.

मी रंगाबद्दल, मोजण्याबद्दल जे वर लिहिलंय ते वाचून कुणाला वाटू नये की लाल साडी नेसली की वाघ येत नाही. साडी तुम्हाला वाचवत नाही. मोजणाऱ्यांना एवढंच कळतं की एक कमी झाली. माझ्या कपड्यांबद्दलच्या सगळ्या शंकाकुशंका ज्या जंगलात खेळ आहेत, त्याच जंगलात काही लोकांचं ते कामाचं ठिकाण आहे. आम्ही गाडीतून वाघ दिसावा म्हणून प्रार्थना करत होतो, तेव्हा दहा-पंधरा किलोमीटरवर कुणीतरी तो दिसू नये म्हणून करत होतं. वाघ एकच असू शकतो.

त्या वेळी मी आईची माफी मागितली नाही. दिवाळीला घरी गेले तेव्हा मागितली, भाजी निवडताना. म्हटलं, त्या साडीचं मी खोटं बोलले होते, प्राण्यांचं काही नव्हतं. ती म्हणाली, “माहीत आहे मला.” मग म्हणाली, “कुर्ता चांगला आहे पण. मळत नाही. बाजारात न्यायला बरा पडते.” ती तो खरंच घालते. कॉलनीतल्या भाजीवाल्याकडे, खाकीत.

यंदा मार्चच्या शेवटी ती आठ दिवस माहेरी गेली होती. एके सकाळी सव्वासहाला तिचा फोटो आला. चुलत बहिणीने काढलेला असावा, थोडा हललेला. मोहाचं झाड, खाली पिवळट फुलांचा सडा, आणि आई वाकलेली, तीच लाल साडी कमरेला खोचून. मी फोटो दोन बोटांनी मोठा केला. तिच्या मागे, झाडांमध्ये, लांब लांब, एक पोपटी ठिपका होता. एक गुलाबी. डावीकडे बांबूच्या आड जांभळा. मी पुन्हा पुन्हा मोजलं. आई धरून चार होत्या. पाचवी फोटो काढत होती.